पट्टा, किराया आणि मालकी : चांदा-गडचिरोलीतल्या घराचा इतिहास



"भाड्याचं घर आणि खाली कर" ही म्हण तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. आपल्याकडे भाडं कोणी म्हणत नाही, किराया म्हणतात. पण म्हणीत भाडंच राहिलं. या म्हणीत पैशाचा उल्लेखच नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? किराया महाग पडतो असं ती म्हणत नाही, घरमालक वाईट असतो असंही म्हणत नाही. एक दिवस कोणीतरी येईल आणि 'खाली कर' म्हणेल, एवढंच ती सांगते. दुसरी म्हण, "घर पाहावं बांधून". तिच्यात खर्च आहे, दगदग आहे, गवंड्यामागे फिरणं आहे. एका म्हणीत भीती आणि दुसरीत दमछाक.

संयोजकांनी विषय दिला तो 'घर किरायाचं की मालकीचं' असा. आम्ही तो आनंदाने घेतला. हप्ता किती आणि किराया किती हा हिशेब तुमचा मोबाइल आमच्यापेक्षा लवकर करतो, आणि शेवटी थोडासा आम्हीही करू. पण जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला शब्दाशी अडखळायची सवय असते. 'मालकी' म्हणजे नेमकं काय, इथेच आम्ही अडखळलो.

वकील सांगतात की मालकी ही एक मोळी आहे. राहणे, वापरणे, दुसऱ्याला आत येऊ न देणे, मुलांना देणे, गहाण टाकणे, विकणे, अशा काड्या तिच्यात बांधलेल्या असतात. आमच्या मते यातल्या दोन मुख्य. एक, इथून आपल्याला कोणी उठवू शकत नाही ही. दुसरी, हे आपल्याला विकता येतं ही. शहरात फ्लॅट घेताना या दोन्ही काड्या एकाच कागदात बांधून मिळतात, म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा इतिहास पाहिला तर मात्र बहुतेक काळ त्या वेगवेगळ्या हातांत होत्या. कोणाकडे राहण्याचा हक्क होता पण विकण्याचा नव्हता. कोणाला विकता येत होतं पण राहणाऱ्याला उठवता येत नव्हतं. आणि मोठ्या समाजाला दोन्ही नव्हते, तरी तो तिथेच राहत होता.

सुरुवात गोंड राजांपासून करू. चंद्रपूरचा परकोट, जटपुरा गेट, पठाणपुरा गेट यांच्याबद्दल तुम्हाला आम्ही काय सांगणार. पण तुकूम या वस्तीतून रोज जाणाऱ्या किती जणांनी त्या नावाचा विचार केला आहे? गोंड राजवटीत 'तुकूम' हा जमीन देण्याचा एक प्रकार होता. हिरशहा राजाच्या नावाने परंपरा अशी सांगितली जाते, की जंगल तोडून जो जमीन वाहितीखाली आणेल त्याला ती द्यायची, आणि जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली जेवढी जमीन भिजेल तेवढी द्यायची. इंग्रजांनी या जिल्ह्याची पहिली मोठी जमीनबंदी केली. तिचा मेजर ल्युसी स्मिथ यांनी लिहिलेला अहवाल १८६९ चा आहे, आणि त्यातही गोंड राजांच्या या धोरणाची दखल आहे.

इथे आम्हाला जॉन लॉकची आठवण होते. लॉकने १६९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये मांडलं की माणूस निसर्गात आपले श्रम मिसळतो आणि त्यातून ती वस्तू त्याची होते. आम्ही वर्षानुवर्षे हे विद्यार्थ्यांना एक मोठा युरोपीय सिद्धांत म्हणून शिकवलं. हिरशहाची परंपरा लॉकच्या आधीची आहे आणि एका बाबतीत त्याच्यापेक्षा शहाणी आहे. लॉकचा माणूस एकटा कुंपण घालतो. तुकूमवाला तलाव बांधतो, आणि त्याचं पाणी कुंपण ओळखत नाही. पुढे मालगुजारीच्या काळात असे शेकडो तलाव पूर्व विदर्भात होते. आजही आपण त्यांना 'मामा तलाव' म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, कोणाच्या तरी मामाचा असेल!

१७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, १८१८ मध्ये इंग्रजी फौजेने किल्ला घेतला, आणि १८५३ च्या अखेरीस तिसरे रघुजी वारसाविना वारल्यावर सगळंच खालसा झालं. आमच्या विषयासाठी यापेक्षा महत्त्वाचं पुढचं आहे. इंग्रजांना जमिनीला मालक हवा होता. ज्या प्रदेशात राजा, पाटील, कूळ आणि जंगल यांचे हक्क एकमेकांत गुंतलेले होते, तिथे सारा वसूल करायचा तर एक नाव लागतं. त्यांनी गावाच्या वसुलीदाराला, म्हणजे मालगुजाराला, गावाचा मालक केलं. पूर्वेकडे जमीनदाऱ्या होत्या, त्यात अहेरीची सगळ्यांत मोठी.

या व्यवस्थेत शेतकऱ्याचं घर कोणाचं? गावठाणाची जागा मालगुजाराची, वरचं घर कुळाचं. भिंती, लाकूड, कवेलू कुळाने आणलेले, पण खालची माती दुसऱ्याची. आणि तरीही त्या मातीचा किराया गावात शेती करणाऱ्याकडून घ्यायचा नाही, घरापुरती जागा त्याला मिळालीच पाहिजे, हा रिवाज होता आणि तो मध्य प्रांताच्या जमीन महसुलाच्या व्यवस्थेने मान्यही केला होता. आता सांगा, हा माणूस मालक होता की किरायेदार? किराया देत नाही म्हणून किरायेदार नाही. जागा विकू शकत नाही म्हणून मालकही नाही. पण तो पिढ्यान्‌पिढ्या राहत होता.

अशा माणसासाठी आपल्या भाषेत शब्द आहे, आणि तोच आजच्या व्याख्यानातला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द आहे. 'पट्टा'. तुम्ही म्हणता, "झोपडपट्टीवाल्यांना पट्टे वाटले." तुम्ही म्हणता, "वनहक्काचा पट्टा मिळाला." तिथे पट्टा म्हणजे हक्काचा कागद. पण नझूलच्या जमिनीचा 'भाडेपट्टा' म्हणता तेव्हा पट्टा म्हणजे किरायाचा करार. एकच शब्द दोन टोकांना वापरतो आपण, आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. कारण पट्ट्याचा मूळ अर्थ, 'याला इथे राहू द्या' असं अधिकाऱ्याने लिहून दिलेलं. मालक कोण हा प्रश्न त्या कागदाला पडलेलाच नसतो.

नझूलचं उदाहरण आपल्या शहरी श्रोत्यांना जवळचं आहे. विदर्भातल्या जुन्या शहरांत कितीतरी घरं सरकारी नझूल जमिनीवर आहेत. तीस-तीस वर्षांचा पट्टा, मग नूतनीकरण, मग वाढीव भुईभाडं. आजोबांनी वाडा बांधला, वडिलांनी माडी चढवली, नातू स्वतःला मालक समजतो आणि घर विकायला काढतो. मग कळतं की जमीन सरकारची आहे, हस्तांतराला परवानगी लागेल. अलीकडे ठरावीक रक्कम भरून अशी जमीन भोगवटदार वर्ग-१ करून घेण्याची सोय सरकारने केली. चांगलंच झालं. पण त्याआधीच्या तीन पिढ्या, मालकीच्या समजुतीत का होईना, त्या घरात सुखाने राहून गेल्या, हेही लक्षात ठेवा.

आता जंगलाकडे येऊ. गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा जिल्हा झाला. आजही त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल आहे. १८६५ आणि १८७८ चे वन कायदे, नंतर १९२७ चा कायदा, यांनी जंगलाची मालकी सरकारकडे नेली. माडिया समाजात पेंडा, म्हणजे फिरती शेती होती. शेत जागा बदलत असे, आणि कधी वस्तीही. घर लाकूड-बांबूचं, बांधायला गाव येई. अशा समाजाला कोणी विचारलं असतं की घर घ्यायचं की किरायाने राहायचं, तर त्यांना प्रश्नच कळला नसता. तो अज्ञानाचा भाग नाही, बरं का. ज्याला आपण घर म्हणतो ते त्यांच्या लेखी चार भिंतींपुरतं नव्हतं. नदी, देवाची जागा, मोहाची झाडं, सगळं त्यात धरलेलं. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिम जमातींसाठी 'वसतिस्थानाचा हक्क' असा वेगळा प्रकार घातला आहे, आणि महाराष्ट्रात माडिया गोंड त्या जमातींत येतात. घर म्हणजे एक अख्खा परिसर, हे कायद्याच्या भाषेत यायला इतकी वर्षं लागली.

त्यावर आपण परत येऊ. मधे थोडा वेळ शहरात थांबायला हवं, कारण किरायेदाराची गोष्ट शहरात घडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई होती, म्हणून मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने १९४९ मध्ये एक आदेश काढला. 'सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर' असं लांबलचक नाव. जुने वकील नुसतं 'रेंट कंट्रोल' म्हणत. मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा सगळ्यांना माहीत असतो, त्यावर नाटकं झाली, सिनेमे झाले. आपल्या विदर्भाच्या या आदेशाची आठवण आता कोणाला नाही. पण तो एका बाबतीत मुंबईपेक्षा कडक होता. घरमालकाला किरायेदाराला साधी नोटीस द्यायची झाली तरी आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागे. परवानगीची कारणंही ठरलेली. किराया थकवला, पोटभाडेकरू ठेवला, मालकाला स्वतःला राहायला खरोखर गरज आहे, अशी. आणि घर रिकामं झालं की मालकाने ते सरकारी अधिकाऱ्याला कळवायचं, मग तो अधिकारी ते सरकारी नोकराला देण्याचा हुकूम करू शकत असे. म्हणजे घर तुमचं, पण त्यात कोण राहील ते कचेरी ठरवणार!

१९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला, पण हा आदेश चालूच राहिला. एका राज्यात मुंबईचा एक, मराठवाड्याचा निजामी मुलखातला एक आणि विदर्भाचा एक, असे तीन भाडे कायदे ३१ मार्च २००० पर्यंत होते. त्या दिवशी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि पन्नास वर्षांची व्यवस्था संपली.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा याच व्यवस्थेत दोन खोल्या घेऊन राहत होतो. घरमालकीण विधवा बाई होत्या, वयाने आमच्या आईएवढ्या. खोल्या देताना त्यांनी करार मागितला नाही, अनामत मागितली नाही. एवढंच म्हणाल्या, "सर, किरायाचं काही नाही जी, पण पोराचं लग्न झालं की खोल्या मोकळ्या करून द्याल ना बाप्पा?" कायद्याने त्यांना आम्हाला काढणं अवघड होतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या शब्द मागत होत्या. पाच वर्षांनी लग्न ठरलं आणि आम्ही खोल्या सोडल्या. हे सांगतो ते मोठेपणासाठी नाही. त्या काळी किरायेदाराचा हक्क इतका पक्का होता की मालकाला त्याच्या भलेपणावर विसंबावं लागे. सगळेच किरायेदार शब्द पाळत नसत. परकोटाच्या आतले कितीतरी वाडे अशा भांडणांत मोडकळीला आले. मालक दुरुस्ती करीना, कारण किराया जुना. किरायेदार सोडीना, कारण किराया जुना. आणि बरेच मालक कुलूप लावून बसले, पण घर किरायाने देईनात. म्हणजे आत असलेल्याचं रक्षण झालं आणि बाहेर असलेल्याला दार बंद झालं. भाडे नियंत्रणाचा हा दोष आम्हाला खरा वाटतो. तरीही त्या आदेशाच्या मुळाशी असलेला विचार, की राहणाऱ्याला राहण्याचा काही हक्क असतो, तो चुकीचा होता असं आम्ही म्हणणार नाही.

याच काळात आपल्या जिल्ह्यात राहण्याचा तिसरा प्रकार वाढला. क्वार्टर. बल्लारपूरची पेपर मिल, भद्रावतीची आयुध निर्माणी, १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर सरकारी झालेल्या कोळसा खाणी, ऐंशीच्या दशकात उभं राहिलेलं औष्णिक वीज केंद्र आणि त्याचं ऊर्जानगर. दुर्गापूर, घुग्घुस, माजरी, सगळीकडे क्वार्टरांच्या ओळी. किराया नाममात्र, पाणी-वीज कंपनीची, शेजारी बिहारचा, समोर आंध्रचा, मागे वर्ध्याचा. इथे वाढलेली मुलं आजही 'आमचं क्वार्टर' म्हणतात, नंबरासकट. पण बाप निवृत्त झाला की ठरावीक मुदतीत क्वार्टर सोडायचं. नाही सोडलं तर दंडाचा किराया. तीस वर्षं ज्या अंगणात तुळस लावली तिथून साठीच्या वयात निघायचं.

फ्रीडरिश एंगल्सने १८७२ मध्ये 'घरांच्या प्रश्ना'वर लेखमाला लिहिली. कामगाराला स्वतःचं घर दिलं की तो सुखी होईल असं म्हणणाऱ्यांवर तो तुटून पडला. त्याचं म्हणणं असं, की घर आणि तुकडाभर बाग असलेला कामगार जागेला बांधला जातो. दुसरीकडे चांगली मजुरी असली तरी जाऊ शकत नाही, आणि मालक हे ओळखून मजुरी पाडतो. विद्यार्थ्यांना हे पटायचं नाही. पण क्वार्टर त्याच साखळीचं दुसरं टोक आहे. तिथे नोकरी गेली की छप्परही गेलं, मग संप करताना माणूस दोनदा विचार करणारच. म्हणून आपल्या भागात कामगाराने भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून तुकूमला, बाबुपेठेत नाहीतर आपल्या मूळ गावी प्लॉट घेतला. त्यात त्याला गुंतवणूक दिसत नव्हती, साठीनंतर पाय ठेवायला जागा दिसत होती.

बरं, घर घेतलं. आता तरी कोणी उठवणार नाही ना? ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर डोळ्यांदेखत जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. मग आजूबाजूच्या कुटुंबांनाही घरं सोडून दुसरीकडे जावं लागलं. विचार करा, घर त्यांचं, घरपट्टी ते भरत होते. पण जमिनीखालचा कोळसा त्यांचा नव्हता, तो कधी, कोणी, किती काढला हे त्यांच्या हातात नव्हतं. आणि ज्या गावांत खाण नव्याने येते तिथे १९५७ चा कोळसाधारक क्षेत्र संपादनाचा कायदा आहे. अधिसूचना निघाली की तुमचा सात-बारा इतिहासजमा होतो. संविधानातून मालमत्तेचा मूलभूत हक्क ४४ व्या दुरुस्तीने काढला, तो २० जून १९७९ पासून नाही. आता अनुच्छेद ३००-अ एवढंच सांगतो, की कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येणार नाही. कायदा असला की घेता येते. तेव्हा मालकाचंही घर 'खाली कर'मधून सुटलेलं नाही. फरक एवढाच की तिथे म्हणणारा घरमालक नसतो, सरकार असतं, आणि मोबदला मिळतो.

मोबदला काय असतो ते ताडोबाच्या गावांनी पाहिलं. बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी या गावांतले लोक व्याघ्र प्रकल्पातून बाहेर आले. २००८ पासून केंद्राचं पॅकेज कुटुंबामागे १० लाख रुपये होतं, २०२१ मध्ये ते १५ लाख झालं. अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब धरतात. काहींना नव्या जागी वीज, रस्ता, शाळा मिळाली आणि ते समाधानी आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. वाघाच्या भीतीतून सुटका ही काय लहान गोष्ट आहे? पण घराची किंमत एका आकड्यात मांडता येते हे ज्यांनी कधी मानलं नव्हतं, त्यांना ती मानावी लागली.

आता वनहक्क कायद्याकडे परत येऊ. २००६ चा हा कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या किंवा कसणाऱ्या आदिवासींना, आणि तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं राहणाऱ्या इतर वननिवासींना, त्या जमिनीवर राहण्याचा आणि ती कसण्याचा हक्क देतो. मर्यादा चार हेक्टर. कलम ४ मध्ये पुढे सांगितलं आहे की हा हक्क वारसाला जातो, पण विकता येत नाही, हस्तांतरित करता येत नाही. झालं ना आमचं काम! राहण्याची काडी मोळीतून काढून हातात दिली आणि विकण्याची काडी बाजूला ठेवली. हाच तो जुना पट्टा, एकविसाव्या शतकात आलेला.

आमचे काही अर्थशास्त्री मित्र यावर नाराज आहेत. विकता येत नाही, गहाण पडत नाही, बँक दारात उभी करत नाही. ही कसली मालकी? त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पोरीच्या शिक्षणाला, बापाच्या ऑपरेशनला पैसा लागला तर असा माणूस काय करेल? पण याच जिल्ह्यांत, विकता येणारी जमीन आदिवासींच्या हातून किती सहज गेली, हेही बघा. ती परत करण्यासाठी राज्याला १९७४ चा वेगळा कायदा करावा लागला, आणि पुढची विक्री शासनाच्या परवानगीला बांधावी लागली. ज्याच्यापुढे सावकार, दारूवाला आणि दलाल उभे आहेत त्याच्यासाठी 'विकता न येणं' हे कुंपण आहे. आम्ही या वादात कुंपणाच्या बाजूचे आहोत.

मात्र ज्यांना पट्टा मिळाला नाही त्यांचं काय? १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे अंतिमतः फेटाळले गेले त्यांना हटवण्याचे निर्देश दिले. देशभरातल्या लाखो कुटुंबांचा प्रश्न होता. २८ फेब्रुवारीला न्यायालयानेच त्याला स्थगिती दिली. म्हणजे पंधरा दिवस 'खाली कर' हा शब्द इतक्या लोकांच्या डोक्यावर लटकत होता, आणि शहरातल्या आपल्यासारख्यांना पेपरातल्या एका बातमीपलीकडे त्याची झळ लागली नाही.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुम्हाला माहीत आहे. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल ही नावंही माहीत आहेत. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. बातम्या याच्या झाल्या. आमच्या विषयाला त्याहून मोलाचं आहे ते २०१३ चं. गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या खासगी जमिनींची मालकीही गावाच्या नावे करायचं ठरवलं. कसणारा तोच, वारसही त्याचेच, पण बाहेरच्याला विकण्याचा हक्क सोडून दिला. जो हक्क मिळवण्यासाठी आपण वीस वर्षं हप्ते भरतो, तो त्यांनी बसून, बोलून, एकमताने सोडला. सगळ्या गावांना हे जमेल असं नाही. ग्रामसभा दुबळी झाली तर सामूहिक मालकी चार दांडग्यांची मालकी होते, हे आम्ही जाणतो. पण तिथल्या माणसाला विचारलं की घर तुझं की गावाचं, तर तो आपल्यासारखा गोंधळत नाही.

आता कबूल केलेला हिशेब. समजा चंद्रपूरला ४० लाखांचं घर आहे आणि तसंच घर किरायाने महिना १०,००० ला मिळतं. ८ लाख तुमचे, ३२ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता पडतो २८,८०० च्या आसपास; पहिल्या महिन्यात त्यातले २४,००० नुसतं व्याज. वीस वर्षांत ३२ लाखांचे ६९ लाख भरता. किराया दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढला तरी वीस वर्षांनी तो साडेसव्वीस हजारांच्या घरात जातो, म्हणजे तेव्हाही हप्त्याखालीच. नुसत्या आकड्यांवर किराया जिंकतो, पण दोन अटींवर. वाचलेले १८,८०० तुम्ही दर महिन्याला खरंच बाजूला टाकले पाहिजेत, आणि घराची किंमत फार वाढता कामा नये. पहिली अट पाळणारा माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही. ज्याची दर तीन वर्षांनी बदली होते, आज सिरोंचा, उद्या कोरची, त्याने मात्र पहिल्या पोस्टिंगला घर घेऊ नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

किरायाने राहणार असाल तर एक गोष्ट समजून घ्या. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी नको, असा समज सगळीकडे आहे. महाराष्ट्रात तो खोटा आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल किरायेदाराचं म्हणणं धरलं जातं. पण नोंदला की तुम्ही बहुधा 'भाडेकरू' नसता, 'अनुज्ञप्तीधारक' असता. मुदत संपली की निघायचं. थांबलात तर दुप्पट दराने भरपाई. १९४९ चा किरायेदार आणि आजचा अनुज्ञप्तीधारक, दोघेही महिन्याला पैसे देतात. पण पहिल्याला काढायला कचेरीची परवानगी लागायची, दुसऱ्याला काढायला कॅलेंडर पुरतं.

आणि मालकीने घेणार असाल तर विक्रीखतावर सही करण्याआधी आखीव पत्रिका किंवा सात-बारा काढून बघा. जमीन भोगवटदार वर्ग-१ आहे, वर्ग-२ आहे, की सरकारी पट्ट्याची, हे तिथे लिहिलेलं असतं. मूलचेरा, चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना साठच्या दशकापासून वसवलं, तिथल्या लोकांना या दोन वर्गांतला फरक आपल्या वकिलांपेक्षा चांगला समजतो. बिल्डरने दाखवलेल्या रंगीत नकाशात तो रकाना नसतो.

त्याच कागदावर अजून एक गोष्ट बघायची. वनहक्क कायद्यात अशी तरतूद आहे, की विवाहित दावेदाराचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवायचा. आम्ही गडचिरोलीत असे पट्टे पाहिले आहेत, बाईचं नाव पुरुषाच्या नावाशेजारी, त्याच ओळीत. तुमच्या घराच्या कागदावर किती नावं आहेत आणि कोणाची, ते आज घरी गेल्यावर कपाटातून काढून बघा.

वेळ झालेली दिसते. प्रश्न असतील तर विचारा. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशी हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरुवात करू.